चार ओळींची चटणी

मुलांच्या लिहिण्या-वाचण्याच्या अडचणी मी तपासते. तिसरीतल्या लेकीची वही घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई घरीच शाळेचे गणवेश शिवते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) 'शेंगाचटणी कशी कराल?' या प्रश्नाखाली मुलीने लिहिलं होतं: 'शेंगा कूटा. तिखट टाका. लसून टाका. भाकरीबरोबर खा.' 'कूटा' आणि 'लसून' यांच्याभोवती लाल गोल, खाली शेरा: लेखन कच्चे.

"घरी बोलायला लागली की थांबत नाही, मॅडम. लिहायला बसली की एवढंच. आम्ही घरात तेलुगू बोलतो, त्यामुळं होतंय का? शिकवणी लावू?"

सोलापुरात हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, कधी तेलुगू घरातून, कधी कन्नड. मला मात्र त्या लाल गोलांचं नवल वाटलं. शेंगा भाजायचा उल्लेख नाही, मीठ नाही, किती काय घ्यायचं ते नाही. त्याला कुणी गोल केला नव्हता. कृती लिहिली की आधी पाहायचं ते हेच: वाचणाऱ्याला ते काम जमेल का?

पुढच्या भेटीला घरचा खलबत्ता आणि सगळं साहित्य आणायला सांगितलं. आईला बजावलं, कागदावर आहे तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. आईने कच्चे दाणे खलात टाकून बत्ता उचलला मात्र, लेक ओरडलीच, "अम्मा!" मग तेलुगूत धडाधड सुरू झाली. आधी भाजायचे, गार झाले की सालं काढायची, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. तेच मराठीत सांग म्हटल्यावर एकदोनदा अडखळली, पण क्रम जराही हलला नाही.

म्हणजे कृती तिला येत होती, सांगताही येत होती, आणि घरच्या भाषेने काही अडवलं नव्हतं. उलट क्रम तिच्या डोक्यात पक्का होता तो त्याच भाषेत. या वयात मुलांना वाटतं, मला माहीत आहे ते वाचणाऱ्यालाही माहीत असणार. त्यात वर्गाच्या बाई सोलापूरच्याच. त्यांना शेंगा भाजायच्या हे काय सांगायचं? तिचं अगदीच चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

आईला हसू आलं. "कटिंगवाला माप न लिहिता कापड पाठवतो की, तसं झालं हे."

मी तपासते तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. मुलाला काम करता येतं का, तोंडी क्रमाने सांगता येतं का, आणि मग लिहिता येतं का. कागदावर साहित्य, क्रम, प्रमाण बघायचं, आणि 'कुटा', 'भाजा' अशी करायला सांगणारी क्रियापदं आहेत की 'आईने शेंगा भाजल्या' अशी गोष्टच झाली आहे, तेही. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी, दुसऱ्या रंगाच्या पेनाने. सगळं एकाच शेऱ्यात कोंबलं की मूल चुकायच्या भीतीने कमी लिहायला लागतं. हिने 'जिरं' याच भीतीने गाळलं होतं, दीर्घ की ऱ्हस्व ते ठरेना म्हणून.

वस्तू समोर असूनही क्रम सांगता येत नसेल, वाचनही अडत असेल, फळ्यावरचं उतरवताना अक्षरं सुटत असतील, तर मात्र थांबू नये. अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना सतत येणाऱ्या अडचणीची) प्राथमिक चाचणी तिसरीत किंवा आठव्या वर्षाच्या सुमारास करून घेता येते. हिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

शिकवणी नको म्हटलं. त्याऐवजी हिने लिहायचं आणि धाकट्या भावाने लिहिल्याबरहुकूम करायचं: सरबत, पतंगाची कण्णी, काहीही. तो जिथे अडेल तिथे हिनेच ओळ वाढवायची. महिन्याभराने आलेल्या कागदावर चटणी अकरा ओळींची झाली होती. या वेळी मीठही आलं होतं, 'मिठ' असं ऱ्हस्व, पण 'अर्धा चमचा' असं लिहून. दोन्ही कागद शेजारी ठेवून बाईंना दाखवा, असं आईला सांगितलं.