बाबांचं वजन उतरतंय, कुठली प्रोटीन पावडर पाठवू? – माझं उत्तर (मोठं आहे, पण पूर्ण वाचा)

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही पुण्यात, बाबा ७४ वर्षांचे, नाशिकला इंदिरानगरात एकटे, डबा लावलाय तरी अर्धा परत जातो, पट्टा आवळला तरी पँट सैल होते, आणि डॉक्टर म्हणतात वयाने होतं असं. आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अगदी हेच चाललेलं. कवळी, पोट साफ होणं वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ मधेच येऊन गेलीय, मला तिच्याबद्दलच बोलायचंय. मागच्या वर्षी बाबा ॲडमिट होते तेव्हा मीठ, साखर, तेल, भात बंद सांगितलं होतं आणि ते "अजून काटेकोर पाळतात". दादा, पावडर राहू द्या, आधी तो पथ्याचा कागद मागवून घ्या.

नाना नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, सगळं आयुष्य शिस्तीत गेलेलं, त्यामुळे लिहून दिलेलं म्हणजे पाळायचंच. बीपी आणि शुगरसाठी एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं (नाव लिहिणार नाही, विचारू नका), तिथून सुटताना एक झेरॉक्स मिळाली, वर पेनाने नाव लिहिलेलं, बाकी सगळ्यांना तीच. मीठ नाही, तूप नाही, शेंगदाणे नाही, बटाटा-भात-केळं नाही, अंड्याचा पिवळा भाग नाही. उरलं काय तर बिनमिठाचा दुधी, कोरडे फुलके आणि वरणाचं पाणी. आणि भरपूर पाणी प्या. हे किती दिवस पाळायचं ते कुठेही लिहिलेलं नाही, माणसाचं वजन किती ते पण नाही!

वजन उतरायला लागलं तसं आम्ही परत त्याच हॉस्पिटलला गेलो. काउंटरवर सांगितलं डाएटिशियन मॅडम फक्त ॲडमिट पेशंट बघतात. डॉक्टरांनी फाइल उघडून शुगर बघितली आणि म्हणाले वजन कमी झालंय, छान आहे, असंच चालू ठेवा. त्या "छान आहे"चा राग मला आजही येतो. समोर खांद्याची हाडं दिसणारा माणूस बसलाय आणि तुम्ही कागदावरचा आकडा बघून शाबासकी देता.

थंडीत नानांचा तोल जायला लागला, मला नणंदेच्या नावाने हाक मारायचे, रात्री उठून पंचवटीच्या जुन्या घरी जायचंय म्हणायचे. नातेवाईक म्हणाले आता वय झालं, विसरायला लागले. एका दुसऱ्या फिजिशियनने मात्र आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, मग विचारलं जेवणात मीठ किती. त्याच दिवशी रक्त तपासलं तर सोडियम (मिठातून मिळतं ते) ११९, असायला पाहिजे १३५ ते १४५. बीपीची एक गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी, जेवणात मीठ नाही, जेवणही नावालाच आणि वर पाणी भरपूर. पुन्हा ॲडमिट, सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, ते केलं, ती गोळी बदलली. नाना ओळखायला लागले, पण पायातली गेलेली ताकद पूर्ण परत आली नाही. म्हातारपणी स्नायू झिजले की भरून यायला फार वेळ लागतो.

आता हे वाचून उद्यापासून बाबांना मीठ सुरू करू नका हं! मी डॉक्टर नाही, हार्टची किंवा किडनीची तक्रार असेल तर पथ्य खरंच लागतं आणि किडनी बिघडलेली असेल तर प्रोटीनवरही मर्यादा येते. माझं म्हणणं एवढंच की पथ्य देणाऱ्याने ते परत तपासलं पाहिजे, आणि ते आपणहून कोणी करत नाही, आपल्यालाच मागे लागावं लागतं. सत्तरीनंतर प्रयत्न न करता वजन उतरणं ही चांगली बातमी नसते. ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ३ किलो गेले तरी ते तपासण्यासारखं आहे. पोटरीचा घेर टेपने मोजा, ३१ सेंटीमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी झालेत असं धरतात.

पावडरीबद्दल. किडनी ठीक असेल तर वयस्कर माणसाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं म्हणतात, म्हणजे ५५ किलोला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात ६, कपभर दुधात ६-७, आणि डब्यातल्या पातळ वरणात फारच थोडं. पावडर वाईट नाही, पण ती पिऊन पोट भरलं म्हणून डबा परत जाणार असेल तर उपयोग काय. शुगर असेल तर पावडरच्या डब्यावर साखर किती लिहिलीय ते वाचा, आणि आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या.

डबेवाल्या मावशींशी तुम्ही स्वतः बोला, बाबा बोलणार नाहीत. डाळ घट्ट, मटकी-मुगाची उसळ चांगली मऊ शिजवलेली, भाजीला दाण्याचं कूट, वरून चमचाभर तूप (डॉक्टरांनी हो म्हटलं तर). भूक कमी असते तेव्हा थोड्या घासात जास्त जायला हवं. पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळते आपल्याकडे, तिची दूध घालून पेज सकाळी द्या, चावायला लागत नाही आणि कॅल्शियम भरपूर. जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तासभर जाऊ द्या. उपास सोडत नसतील तर भांडू नका, साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करायला सांगा. आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासाच, त्या गोळीने ते कमी होतं, शाकाहारी माणसात तर आणखीच.

फोनवर "जेवलात का" विचारू नका, "हो"च म्हणणार. डब्यात काय होतं ते विचारा, म्हणजे कळेल डबा उघडला की नाही. जमलं तर ते जेवताना व्हिडिओ कॉल लावा, नाना एकटे बसले की दोन घासात उठायचे आणि नातू समोर असला की पोळी जास्त जायची, हे आम्ही रोज बघितलंय.

या शनिवारी येताय ना, तर गोळ्यांची सगळी पाकिटं आणि तो कागद घेऊन दुसऱ्या एखाद्या फिजिशियनकडे जा, शक्यतो वयस्कर पेशंट जास्त बघणाऱ्या. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ यातलं काय करायचं ते त्यांना विचारा. रिपोर्ट आले की नाव झाकून इथे टाका, आणि लघवीची गोळी चालू आहे का ते मात्र आजच फोन करून विचारून घ्या.