'घरी दुसरंच काहीतरी बोलतात'

ताई,
मी मूळची पुण्याची, गेली ११ वर्षं कॅलिफोर्नियात सॅलिनासला आहे. पुण्यात शिकलेलं स्पॅनिश इथं कामी आलं. दर गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सेस, शाळेच्या ऑफिसातली माणसं, फूड बँकेतले स्वयंसेवक अशा १५ जणांना मी स्पॅनिश शिकवते, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक शेतमजूर मेक्सिकोचे. मानधन नावापुरतं. गेल्या महिन्यात बॅच संपली. सगळे पटापट गाड्यांत बसून गेले, एकानंही थांबून 'थँक यू' म्हटलं नाही. बोलायच्या सरावासाठी स्ट्रॉबेरीच्या शेतावरच्या एक बाई येतात. त्यांचं स्पॅनिशही जरा अडखळतंच, घरी दुसरंच काहीतरी बोलतात. खुर्च्या उचलायला तेवढ्या त्या थांबल्या. पुढची बॅच घेऊ की नको? मन उतरलंय.
— मीनल

मीनल,
निघून गेलेल्या १५ जणांबद्दल मी काही बोलणार नाही. दिवसभर ड्यूटी करून आली, शिकली, दमून घरी गेली. मी अडकले ते तुझ्या एका ओळीपाशी. घरी दुसरंच काहीतरी बोलतात.

दुसरंच काहीतरी म्हणजे काय गं? ११ वर्षांत तुला कुणी ना कुणी विचारलंच असेल, 'तुम्ही इंडियन बोलता का?' तेव्हा तू मराठीचं नाव ठासून सांगितलं असशील. मग या बाईंच्या भाषेचं नाव विचारावंसं का नाही वाटलं?

तुमच्या खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली कितीतरी माणसं राबतात. त्यांच्यातल्या अनेकांची घरची भाषा मिश्तेको, त्रिकी नाहीतर सापोतेको. स्पेनची माणसं तिथं पोचायच्या कितीतरी आधीपासूनच्या या भाषा. मिश्तेको बोलणारे आपल्या भाषेला 'पावसाची भाषा' म्हणतात. आवाज चढवला की उतरवला, यावर तिच्यात शब्दाचा अर्थ बदलतो. मेक्सिकोत या भाषांना पिढ्यान्‌पिढ्या 'दियालेक्तो', म्हणजे नुसती बोली, म्हणून हिणवलं गेलं. २००३च्या कायद्यानं त्यांना राष्ट्रीय भाषा मानलं. बाई वाहाकाकडच्या असतील, तर ज्या स्पॅनिशमध्ये त्या अडखळतात ते त्यांनीही तुझ्यासारखं परकी भाषा म्हणूनच शिकलंय. तुला पुण्यात वर्ग होता, पुस्तक होतं. त्यांना बहुधा मुकादमाच्या हाका ऐकत शिकावं लागलं.

३० वर्षांपूर्वी मी धडगावकडे एका आरोग्य शिबिरात केसपेपर भरायला बसायचे. एक पावरी बोलणारी बाई आली. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी तिला मराठीत सांगितलं, सावकाश, मोठ्यानं. प्रत्येक वाक्याला ती 'हो' म्हणाली. दारापर्यंत गेली, पुडीतल्या सगळ्या गोळ्या तळहातावर ओतल्या आणि पाणी मागायला लागली. बरोबरच्या पोरीनं हात धरला म्हणून निभावलं. तिचं 'हो' समजल्याचं नव्हतं, माझा मान राखण्याचं होतं. तसल्या 'हो'वर मी आधी किती बायकांना घरी पाठवलं असेल, हे मनातून जात नाही.

तुझ्या नर्सेसच्या कानावर असंच 'सी, सी', म्हणजे 'हो, हो', पडत असणार. माणूस मेक्सिकोचा म्हणजे स्पॅनिशवाला, हे त्या धरून चालणार, कारण तूही तेच धरून चाललीस. तुमच्याच गावात नातिविदाद रुग्णालयाच्या पुढाकारानं याच भाषांचे दुभाषे तयार होतात, ते उगाच नाही. पण दुभाष्याला बोलवायचं, हे सुचायला आधी विचारावं लागतं: 'के इदियोमा आब्ला एन सु कासा?' घरी कोणती भाषा बोलता? तुझ्या पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य हेच हवं होतं.

आणि त्या खुर्च्या. दिवसभर वाफ्यांवर वाकून स्ट्रॉबेरी खुडलेली बाई संध्याकाळी तुझ्या वर्गात दोन शब्द बोलायला येते, वर खुर्च्या उचलायला थांबते. आभार मानायला कुणी थांबलं नाही, असं तू लिहितेस. तू तिचे मानलेस का? पत्रात नाही. मानधनातलं काही तिला दिलंस का? तेही नाही. तिचं नावसुद्धा नाही, मीनल. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तू मनानं वाईट असतीस, तर ती ओळ तू लिहिलीच नसतीस.

बॅच घे. आणि पहिल्या गुरुवारी तू शिकवू नकोस. बाईंना आधी भेटून विचार, त्या दिवशीचं मानधन त्यांच्या हातात ठेव, आणि त्या तयार असतील तर त्यांना फळ्यापाशी बसव. तू १५ जणांत बस. त्यांच्या गावच्या भाषेत 'आभारी आहे' कसं म्हणतात ते विचार. मिश्तेकोच असली तरी तो शब्द मी तुला इथून सांगू शकत नाही, एका गावाचा दुसऱ्या गावात चालेलच असं नाही. त्यांच्याच तोंडून ऐकावा लागेल. वहीत देवनागरीत लिहून घे, आणि मग त्यांच्याकडे बघून म्हण. पहिल्याच खेपेला त्या 'सी, सी' म्हणतील. तेवढ्यावर थांबू नकोस. त्या हसून चूक सुधारेपर्यंत पुन्हा म्हण.