वाइन चाखताना गुरूंना येणारा वास आपल्याला येत नसेल, तर त्यांना काय सांगावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीचे, वर्षभर वाइन चाखताय, शिकवणारे एक जाणकार भेटलेत, पण ते सांगतात ते वास तुम्हाला येत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे तोंड उघडायला धीर होत नाही. मी यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी अथणी तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आहे, पण थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाची, सगळा माल बेदाण्याला जातो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, उन्हाळ्यात बेदाणा शेड, असंच वर्ष जायचं. वाइन म्हणजे गोव्याला गेलं की मिळणारी गोड पोर्ट, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. पुढे नाशिककडच्या एका वायनरीत एक हंगाम काम केलं आणि तिथले वाइनमेकर सर माझे गुरू झाले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बागेत नेऊन शिराझची, म्हणजे लाल वाइनच्या एका काळ्या द्राक्षाची, बी चावायला लावली. हिरवट बी कडू आणि तुरट लागते, जीभ आखडते. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली कडकन फुटते, भाजल्यासारखी लागते. साखर मीटरवर कळते, पण काढणीचा दिवस ठरवायला सर बीसुद्धा चावून बघायचे.

त्याच हंगामात एका संध्याकाळी शिराझचा ग्लास समोर आला आणि मला काळ्या मिऱ्यांचा वास लख्ख आला. आई मटणाच्या मसाल्याला मिरे कुटायची, अगदी तोच. वहीत लिहिलं. मग सर बोलू लागले: जांभूळ, थोडा धूर, ओकच्या पिंपाचा व्हॅनिला. मिऱ्यांचं नाव नाही. मी गुपचूप तो शब्द खोडला. पुढे वर्षभर प्रत्येक शिराझला तो वास यायचा आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसायचो.

शेवटी बेळगावहून एकदा फोनवर सांगून टाकलं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मिरे मला येतच नाहीत रे. तू खोडायला नको होतंस. जे मला कळत नाही ते तूच मला सांगायचंस." त्यांनीच मग कारण समजावलं. शिराझमधला हा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. तेच द्रव्य काळ्या मिऱ्यांत असतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये ते दाखवून दिलं. पाचातल्या साधारण एका माणसाला हे द्रव्य जवळजवळ जाणवतच नाही. त्यात ना अनुभवाचा दोष, ना अभ्यासाचा. नाकच तसं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: गुरूंनी बोलायच्या आधी आपलं लिहा, आणि लिहिलेलं खोडू नका. त्यांचं मत शेजारी वेगळ्या शाईने लिहा. दोन्हींत जिथे फरक पडतो, तिथलाच प्रश्न त्यांना विचारा. मला वाटतं, खऱ्या गुरूला असा प्रश्न आवडतोच.

आणि शब्द आपलेच वापरा. सोव्हिन्यॉ ब्लांक या पांढऱ्या वाइनबद्दल पुस्तकात गूजबेरी लिहितात. मी कितीतरी दिवस तिथे आवळा शोधत होतो. गूजबेरी हे निराळंच फळ, मी ते खाल्लेलंही नाही. मला त्या वाइनमध्ये पेरू येतो आणि नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास. सरांना ते लिहून पाठवलं, त्यांना लगेच कळलं. उलट टॅनिनसाठी, म्हणजे सालीतून-बियांतून येणाऱ्या, जीभ आखडवणाऱ्या द्रव्यासाठी, आपल्याकडे 'तुरट' हा शब्द लहानपणापासून तोंडात आहे. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी होते, हे आपल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

माझा दुसरा गुरू म्हणजे माझी आत्या. माळकरी आहे, थेंबही तोंडात घेत नाही. पण तिचं आयुष्य बेदाणा शेडवर माल निवडण्यात गेलंय आणि तिच्या नाकावर माझा सरांइतकाच विश्वास आहे. एकदा बुचाची एक महागडी परदेशी बाटली उघडली. मला वाइन फक्त मुकी वाटली, फळाचा वासच नाही, आणि वाटलं मलाच कळत नसेल. आत्यापुढे ग्लास धरला. तिने एकदाच हुंगला आणि बाजूला सारला. "पावसात भिजलेल्या बारदानाचा वास मारतोय की रं ह्याला. असला माल आम्ही बाजूला काढतो." सरांना तिचे शब्द जसेच्या तसे कळवले. ते म्हणाले, बूच बाधलंय, दुसरं काही नाही. बुचातल्या बुरशीमुळे तयार होणारं टीसीए नावाचं द्रव्य लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइन खराब करतं. तेव्हापासून शंका आली की मी बारदान आठवतो, आणि तो दोष आता सुटत नाही.

बाकी किरकोळ. चाखायच्या आधी तंबाखू नको, उदबत्ती नको, गजरा माळलेलं कुणी शेजारी नको. तिखट जेवणानंतर तर नाहीच, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. लाल वाइन 16 ते 18 अंशांवर चांगली लागते. बेळगावात डिसेंबरच्या रात्री तशीच चालते, अथणीच्या एप्रिलमध्ये मात्र आधी फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. ग्लास तिसरा हिस्साच भरा, म्हणजे फिरवता येतो.

तुमच्या गुरूंकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एक शिराझ आणि कागदाच्या पुडीत चार काळे मिरे घेऊन जा. मिरे तिथेच ठेचा, आधी त्यांचा वास घ्या, मग ग्लासचा, आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहा. तुम्हाला मिरे आले नाहीत तर 'नाही' असंच लिहा आणि कागद त्यांच्या हातात द्या.