कुंडीतली भाजी आणि शेतातली माती

पावसाळा ओसरला की नाशिककरांच्या गच्चीवर आणि बाल्कनीत भाजी लावण्याची लगबग सुरू होते आणि आमच्याकडे त्याविषयीची पत्रेही वाढतात. या अंकासाठी निवडलेले प्रश्न नव्याने भाजी लावणाऱ्यांचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. तिथली काळी, कसदार माती पोत्यांतून आणून मी घराच्या गच्चीवरील कुंड्यांत भरली आणि टोमॅटो व वांग्याची रोपे लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही खालची पाने पिवळी पडत आहेत आणि भर दुपारी रोपे माना टाकतात. ज्या मातीत द्राक्षे पिकतात तिच्यात टोमॅटो का येऊ नये? (एक निवृत्त वाचक, इंदिरानगर)

उत्तर : तुमची माती कसदार आहे, पण शेत आणि कुंडी यांत पाण्याचा प्रवास अगदी वेगळा असतो. शेतात वरून घातलेले पाणी कित्येक फूट खोलवर मुरत जाते आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. कुंडीची खोली जेमतेम एक फूट असते. तळाला छिद्र असले तरी तळालगतच्या थरातले पाणी मातीच्या बारीक पोकळ्या धरून ठेवतात, ते आपोआप गळून जात नाही. माती जितकी चिकण, तितका हा ओला थर जाड होतो. काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव असा, की ती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. फुगल्यावर तिच्यातली हवेची जागा बुजते आणि आक्रसल्यावर ती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणजे एकाच कुंडीत कधी मुळे गुदमरतात, तर कधी तहानलेली राहतात.

माती ओली असतानाही रोप माना टाकत असेल, तर पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालू नका. मुळांना प्राणवायू मिळाला नाही की ती पाणी शोषू शकत नाहीत, आणि म्हणून ओल्या मातीतले रोपही सुकल्यासारखे दिसते. खात्री करायची असेल तर एक रोप मातीच्या गोळ्यासकट हलकेच बाहेर काढून मुळे पाहा. निरोगी मुळे पांढरट आणि कडक असतात. गुदमरलेली मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात, बोटांनी ओढली की त्यांची साल निसटून हातात येते आणि मातीला कुजका वास येतो.

तुमची माती टाकून देण्याची मुळीच गरज नाही, तिचे प्रमाण मात्र कमी करा. एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करून प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून एकदोन पाण्यांनी धुऊन घ्यावे. घोटीकडच्या भातगिरण्यांतून भाताचे तूस मिळाले, तर कोकोपीटच्या काही भागाऐवजी तेही चालते. थोडीशी वाळू मिसळून काळ्या मातीचा चिकटपणा जाईल, अशी आशा मात्र धरू नये.

तळाला विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. माझ्या मते ती सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, त्यामुळे तो ओला थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा लहानसा चौकोन ठेवला की पुरे. कुंडी मात्र दोन विटांवर टेकवा, म्हणजे छिद्र मोकळे राहील.

टोमॅटो आणि वांग्याला प्रत्येक रोपामागे किमान पंधरा ते वीस लिटरची कुंडी हवी. पाणी घड्याळ पाहून न घालता बोट पाहून घालावे: दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसा आणि आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नका. द्याल तेव्हा मात्र छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्या.

प्रश्न : आमच्या सदनिकेची बाल्कनी पूर्वेकडे आहे. सकाळी तीन-चार तास ऊन येते. तिथे कोणती भाजी येईल? (एक गृहिणी, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, एवढ्या उन्हात फळभाज्यांचा आग्रह धरू नका, त्यांना किमान सहा तास थेट ऊन लागते. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर आणि पुदिना मात्र तुमच्याकडे छान येतील आणि नाशिकची थंडी तर या भाज्यांची आवडती. सहा ते आठ इंच खोली त्यांना पुरते. बाजारात टोमॅटो ज्यांतून येतात तसे प्लॅस्टिकचे क्रेट आतून गोणपाट लावून वापरले, तर महागड्या कुंड्यांची गरजच उरत नाही. धने हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करा आणि रात्रभर भिजवून मग पेरा. सगळा क्रेट एकाच दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरत गेलात, तर घरात सतत ताजी भाजी राहील.

प्रश्न : गेल्या एप्रिलमध्ये माझ्या टोमॅटोला भरपूर फुले आली, पण सगळी गळून गेली. जी थोडी फळे धरली ती बुडाशी काळी पडली. हा रोग आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही रोग नव्हेत. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही उकाडा राहिला, तर टोमॅटोचे पराग निकामी होऊन फूल गळते. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो, तेव्हा कोणतीही फवारणी करून ही गळ थांबत नाही. रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावा, म्हणजे फळे उन्हाळ्याआधी हाती येतील.

बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो, तो फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे. मातीत कॅल्शियम असूनही हे घडते, कारण ते पाण्याबरोबरच वर चढते आणि कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत, तर दुसऱ्या दिवशी चिंब असेल तर हा पुरवठा तुटतो. अंड्यांची टरफले टाकून लगेच उपयोग होत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा मातीवर वाळलेल्या पाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन करा आणि ओल एकसारखी राखा.

प्रश्न : इमारतीच्या गच्चीवर पन्नासेक कुंड्या ठेवण्याचा विचार आहे. वजनाची काळजी करावी का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : अवश्य करावी. वीस लिटरची कुंडी निव्वळ काळ्या मातीने भरली, तर भिजल्यावर तिचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते. कोकोपीटचे मिश्रण त्याहून बरेच हलके पडते. कुंड्या गच्चीच्या मध्यभागी एकत्र न मांडता तुळया आणि भिंती असलेल्या रेषेवर पसरून ठेवा, पुढे आलेल्या सज्जावर तर ठेवूच नका. इमारत जुनी असेल किंवा गच्ची गळत असेल, तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवून मगच कामाला लागा.

प्रश्न : दोडक्याचा वेल उत्तम वाढला, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळतात. (एक शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : ताई, खत वाढवण्याआधी परागीभवन होते का ते पाहा. दोडक्याला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली दोडक्याचा इवलासा आकार दिसतो, तर नर फुलाखाली नुसता देठ असतो आणि ती घोसाने लागतात. पराग मिळाले नाहीत तर तेच इवलेसे फळ पिवळे पडून गळते. उंच मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, शिवाय दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून हे काम हातानेच करणे चांगले. दिवेलागणीच्या सुमारास ताजे उमललेले नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे मुडपून घ्या आणि मधला पिवळा, भुकटीने भरलेला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. पराग चिकटलेले डोळ्यांना दिसतात. कारले आणि काकडी लावलीत तर हेच काम सकाळी लवकर करावे लागेल, कारण त्यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात. फळ धरले असेल तर ते दोन-तीन दिवसांत लांबू लागते. आठ-दहा दिवसांनी, शिरा कोवळ्या असतानाच ते काढून घ्या. फळे वेलावर जून होऊ दिली, तर वेल पुढची फळे कमी धरतो.