दार्जिलिंगचे चहामळे पाहायला कधी जावे?

दार्जिलिंगला मे महिन्यात जावे की डिसेंबरमध्ये, असा प्रश्न आहे. चहासाठी जात असाल तर डिसेंबर नकोच. थंडीत झुडपांची वाढ थांबते, छाटणी चालते आणि कारखान्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते. मार्च-एप्रिलमध्ये पहिली तोडणी, म्हणजे फर्स्ट फ्लश: रंगाला फिका, फुलासारख्या वासाचा चहा. मे-जूनमध्ये दुसरी, जास्त गडद. मात्र मे महिन्यात कांचनजंगा बहुधा धुक्याआड राहते. शिखरही हवे असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर गाठा, तोडणीही सुरू असते.

न्यू जलपायगुडी स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळावरून वर जायला साधारण तीन-साडेतीन तास. शेअर जीप दुपारनंतर कमी होतात, म्हणून सकाळीच पोहोचा. टॉय ट्रेनसाठी पूर्ण दिवस घालवू नका; दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही दोन तासांची फेरी पुरते, पण गर्दीच्या दिवसांत तिकीट आधी काढा.

कारखाना पाहायला मंगळवार ते शनिवार जा. रविवारी तोडणीला सुट्टी असते, त्यामुळे सोमवारी यंत्रे बहुधा बंदच दिसतात.

चहा घेताना पुड्यावर मळ्याचे नाव, तोडणी आणि वर्ष तपासा. घरी दोन ग्रॅम पत्तीला 150 मिली पाणी, उकळी ओसरल्यावर ओतून तीन मिनिटे झाकायचे. आपल्यासारखा दूध-साखर घालून उकळलात तर सुगंध उडतो आणि कडवटपणा तेवढा उरतो.