गॅमा स्फोटाच्या मागे धावाधाव

प्रश्न : गॅमा किरणांचे (म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे) दूर अवकाशातले स्फोट सॅटेलाइटला दिसतात, मग जमिनीवरच्या दुर्बिणी कशाला हव्यात? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : अहो, सॅटेलाइटचा डिटेक्टर लहान पडतो ना! अति उच्च ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशाचे कण) इतके विरळ येतात की ते पकडायला मैदानाएवढी जागा लागते, म्हणून मग हवेलाच डिटेक्टर करतात, म्हणजे फोटॉन वातावरणावर आदळला की कणांचा फवारा उडतो आणि काही नॅनोसेकंद निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो, तो मोठे आरसे टिपतात. पण त्याला अंधारी, निरभ्र रात्र हवी, त्यात स्फोट काही सेकंदांत आटपतो, आणि लांबचा असला तर वाटेतला ताऱ्यांचा प्रकाशच हे फोटॉन गिळतो! त्यामुळे वर्षानुवर्षं हाती भोपळा.

१४ जानेवारी २०१९ ला मात्र जमलं. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या ‘मॅजिक’ नावाच्या दुर्बिणी सॅटेलाइटचा अलर्ट आल्यावर मिनिटभरात वळल्या आणि साडेचार अब्ज वर्षं प्रवास करून आलेले, दृश्य प्रकाशाच्या शेकडो अब्जपट ऊर्जेचे फोटॉन सापडले. नारायणगावजवळची आपली जीएमआरटी दुर्बीण रेडिओ लहरी टिपणारी, तिचं हे काम नाही. चेरेन्कोव्ह प्रकाश टिपणारी आपली दुर्बीण लडाखमध्ये हानलेला आहे, ‘मेस’ (MACE) नावाची, २१ मीटर व्यासाची.