बारावी कुठे, दाखला कुठला? प्रवेशासंबंधी पालकांचे प्रश्न

प्रश्न : आमची तिसरी पिढी इंदूरच्या रामबागेत आहे, मूळ गाव साताऱ्याकडचे. मुलगी इथेच शिकली. 'नीट'च्या गुणांवर तिला महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून जागा मिळेल का?

उत्तर : नाही. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असले आणि घरात आजही मराठीच बोलली जात असली, तरी प्रवेशाच्या नियमांना त्याचे काही देणेघेणे नसते. एमबीबीएसच्या राज्य कोट्यातील 85 टक्के जागांसाठी महाराष्ट्र साधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा तिथल्याच शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झाल्याची अट घालतो आणि वर अधिवास प्रमाणपत्रही मागतो. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसारखे मोजके अपवाद आहेत. तुमचे कुटुंब त्यांत बसत नाही.

मात्र यात हळहळण्यासारखे फारसे नाही. मध्य प्रदेशची मूल निवासी (म्हणजे अधिवासी) म्हणून इथल्या 85 टक्के जागांवर, म्हणजे आपल्या इंदूरच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयातील जागांवरही, तिचा पूर्ण हक्क आहे. याशिवाय देशभरच्या सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि एम्सच्या सगळ्या जागा केंद्रीय काउन्सेलिंगमधून भरल्या जातात व तिथे राज्य विचारले जात नाही. पुणे-मुंबईचे महाविद्यालय हवेच असेल, तर मार्ग त्या 15 टक्क्यांतूनच जातो आणि तिथला कटऑफ चढा असतो, हे धरून चालावे.

प्रश्न : माझा भाचा जळगावला दहावी झाला. कोचिंगसाठी त्याला आमच्याकडे आणून अकरावी-बारावी इंदूरच्या शाळेतून करावी, असे घरात घाटते आहे. पुढे काही अडचण येईल का?

उत्तर : अडचण येऊ शकते, आणि ती कुठे येईल हे भाच्याला काय व्हायचे आहे यावर अवलंबून आहे. एनआयटी म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील निम्म्या जागा 'होम स्टेट'च्या असतात आणि हे होम स्टेट जन्म, घर किंवा अधिवासाच्या दाखल्यावरून ठरत नाही. विद्यार्थी बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातून उत्तीर्ण झाला, ते त्याचे राज्य. इंदूरहून बारावी केली की नागपूरच्या व्हीएनआयटीत तो बाहेरचा ठरेल आणि भोपाळच्या मॅनिटमध्ये घरचा. गुण वाढवण्यासाठी पुढच्या वर्षी जळगावहून पुन्हा परीक्षा दिली, तरी यात बदल होत नाही. आयआयटीत असा राज्याचा कोटाच नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात आई किंवा वडील तिथले अधिवासी असल्यास मुलाला 'ब' प्रकारातून अर्ज करता येतो, त्यामुळे ती बाजूही सांभाळली जाते.

खरा धोका वैद्यकीयचा आहे. बारावी इथे झाल्यामुळे महाराष्ट्राचा 85 टक्क्यांचा कोटा हातचा जाईल आणि मध्य प्रदेशचा मूल निवासी दाखला नसल्यामुळे इथल्या सरकारी महाविद्यालयांतील राज्य कोटाही मिळणार नाही. उरतील फक्त अखिल भारतीय जागा. 'नीट'चा विचार मनात असेल, तर मुलाला जळगावातच ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. नाव जळगावच्या शाळेत आणि मुलगा इंदूरच्या क्लासमध्ये, ही 'डमी'ची युक्ती हल्ली सर्रास सुचवली जाते. सीबीएसईला 75 टक्के उपस्थिती लागते आणि तपासणीत शाळा सापडली की भुर्दंड विद्यार्थ्याला पडतो, हे क्लासवाले सांगत नाहीत.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कोटा रद्द केल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचले. खरे का?

उत्तर : अर्धे खरे. 29 जानेवारी 2025 च्या तन्वी बहल खटल्यातील निकालाने केवळ वास्तव्यावर आधारलेले आरक्षण वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांत घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसला तो लागू नाही. तिथे मर्यादित प्रमाणात राज्याच्या रहिवाशांना प्राधान्य देण्यास 1984 च्या प्रदीप जैन निकालापासून मुभा आहे.

प्रश्न : आम्ही बारा वर्षांपूर्वी अकोल्याहून इंदूरच्या सुदामानगरात आलो. जातीचा दाखला महाराष्ट्राचा आहे. मुलाला इथे आरक्षण मिळेल का?

उत्तर : मूल निवासी असणे आणि आरक्षणास पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्थलांतरित कुटुंबांची सर्वाधिक गफलत इथेच होते. मूल निवासी दाखल्यासाठी जवळच्या लोकसेवा केंद्रात समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), मुलाच्या इथल्या शाळेच्या गुणपत्रिका आणि वास्तव्याचे पुरावे घेऊन अर्ज करावा. तो दाखला मिळाला, तरी महाराष्ट्रातील जातीच्या दाखल्यावर मध्य प्रदेशात अनुसूचित जाती-जमातीचे आरक्षण मिळत नाही; स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्याचा दर्जा मूळ राज्यापुरताच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले आहे. इतर मागासवर्गीयांच्या याद्याही राज्यवार वेगळ्या आहेत. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत मात्र महाराष्ट्राच्या मूळ दाखल्याच्या आधारे अर्ज करता येतो. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र काढावे लागते आणि ते अकोल्याहून काढता येते. निकालानंतरच्या धावपळीत परगावची कचेरी गाठणे फार जड जाते, तेव्हा ते काम आधीच उरकून घ्या.